दहा खाचांची पाटी आणि शकुनचे डोळे

मी पाटी बोलतेय. लिहायची नव्हे, सागवानी फळीत कोरलेल्या दहा खाचा आणि त्यांत बसणारे दहा ठोकळे, अशी. गोल, चौकोन, चांदणी, अर्धा चंद्र, फुली वगैरे. लेकरांची बुद्धी मोजायला मला घडवलं. माझी स्वतःची किती, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीच घाबरले असते.

त्याआधी मी मेळघाटात झाड होते. तिथलं आता स्वप्नासारखं उरलंय, खरं किती आणि मनाचं किती, सांगता यायचं नाही. एवढं मात्र पक्कं आठवतं, की सकाळी एक सुतारपक्षी यायचा, शेंड्याजवळ चोच मारायचा, टक टक, आणि ती टकटक मुळांपर्यंत उतरायची. झाडांना कान नसतात. तरी त्याचं येणं मला कधी चुकलं नाही.

पुढे मी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी, इनायतुल्ला सुताराच्या दुकानात आले. अमरावतीच्या लीलाबाईंनी त्याला कागदावर माझं चित्र काढून दिलं होतं. बाई मास्तरणींना मानसशास्त्र शिकवायच्या. महिन्याने येईन, म्हणाल्या, इथल्या मुलींच्या शाळेत बालवर्ग निघतोय, त्यासाठी मुलं पाहायची आहेत. प्रत्येकाला तेच शब्द, तेच ठोकळे आणि हातात घड्याळ, म्हणजे मोजमाप खरं. इनायतुल्लाने तीन दिवस घासून घासून मला तयार केलं. मला उगाच मोठं वाटलं.

समोरच्या घरात जयवंता राहायची. नवरा सहदेव नदीकाठच्या मळ्यात मोगरा आणि शेवंती लावायचा. ती मराठी सातवी पास झालेली, त्यामुळे काळजीसुद्धा शिकलेल्या माणसाची करायची, म्हणजे दुप्पट. तिची शकुन चार वर्षांची झाली होती आणि ‘आ’ नि ‘बा’ याखेरीज काही बोलत नव्हती.

घरात याची कारणं सगळ्यांकडे तयार होती. सासू पार्बताबाई म्हणायची, पोटुशी असताना सुनेनं ग्रहण पाह्यलं. सहदेवच्या मते त्याचा चुलताही उशिराच बोलला होता, रक्तातच आहे ते. शेजारीण सांगायची, मागायच्या आधी हातात दिलं की लेकराला बोलायची सवय कशी लागणार. जयवंताला तिन्ही पटायचं, आणि तिन्हींत चूक आपलीच निघायची. चुलत्याचं रक्त तरी सासरचं, पण त्या घरात लग्न करून आपणच आलो ना, इथपर्यंत ती जायची.

एके दिवशी पार्बताबाईनं सरळ सांगून टाकलं.

“खुळी हाये पोरगी. तेल्हाऱ्याले आत्यापाशी ठेवून देऊ. बकऱ्या तं राखन.”

जयवंता तशीच उठली. ती रस्ता ओलांडून इनायतुल्लाकडे आली आणि पोरीला बालवर्गात घेतलं तर तेल्हारा टळेल, या आशेनं मला पाहत उभी राहिली. शकुन तिच्या पदराला धरून होती. इनायतुल्लाच्या हातून ठोकायची लाकडी मोगरी धाडकन पडली, पण शकुनने मागे पाहिलं नाही. मग तो माझ्यावर पाचर ठोकू लागला. माझ्या कडेवर शकुनचा तळवा होता. ती खुदकन हसली. मला सुतारपक्षी आठवला. पण माझ्या आठवण्याला कोण विचारतो.

“चाचा, बाई येईस्तोवर ही पाटी माह्या घरी ठेवू का?” जयवंता हळूच म्हणाली.

“घेऊन जा, बेटी. पन एक कोपरा जरी उडाला तं बाई माही खाल काढन.”

परीक्षेचा कागद परीक्षेआधी घरी न्यावा, तशीच ती गोष्ट होती. तिला ते कळत होतं. म्हणून तिने मला फुलांच्या टोपलीत, ओल्या फडक्याखाली झाकून नेलं.

मग दुपारी, घर निजलं की, मोगऱ्याच्या वासात आमची शाळा भरायची. जयवंता समोर बसायची, शकुनच्या हातात ठोकळा द्यायची. पहिले आठ दिवस काही जमलं नाही. नंतर अचानक सगळं जमू लागलं. चांदणी चांदणीत, चंद्र चंद्रात. जयवंताला रडू आलं. मला मात्र चुटपुट लागली होती. पोरगी माझ्याकडे बघतच नव्हती. ठोकळा घ्यायची आणि आईच्या डोळ्यांत बघायची. आईचे डोळे आधीच योग्य खाचेवर जाऊन बसलेले असायचे. बोट तिकडे निघायचं. मी दहा खाचांची, पण ती वाचत होती भलतंच काही.

महिना भरत आला तशी जयवंताने मला गुपचूप दुकानात परत ठेवलं, आणि मुलींच्या शाळेत लीलाबाई आल्या. दहाबारा लेकरं, आया दाराशी. बाईंनी प्रत्येक आईला लेकराच्या पाठीमागे बसवलं आणि स्वतःचा चेहरा असा कोरा ठेवला की मी लाकूड असून मला तो लाकडी वाटला.

शकुनची पाळी आली. तिने चांदणी उचलली, बाईंकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. तिने मान वळवून आईला शोधलं. बाईंनी हलकेच तिला पुढे वळवलं. घड्याळ चालत राहिलं. चांदणी हातातच राहिली. बाईंनी कागदावर शून्य काढलं, आणि जयवंताला त्या शून्यात तेल्हाऱ्याचा रस्ता दिसला.

“बाई,” ती उठलीच, “म्या लबाडी केली. महिनाभर पाटी माह्या घरी होती. घरी तिले सारं येते. शून्य द्याचं तं मले द्या.”

आयांमध्ये कुजबुज झाली. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. रागावल्या नाहीत, उलट एखादं हरवलेलं सापडावं तसं बघत राहिल्या.

“घरी तुम्ही कुठं बसायच्या?”

“समोर.”

“मग समोर बसा.”

जयवंता समोर आली. दहाच्या दहा ठोकळे बसले. बाई म्हणाल्या, आता डोळे मिटा. मिटले. शकुनचा हात हवेत थांबला. उघडा, हात चालला. एकदा घडलं तर योगायोग असेल, म्हणून बाईंनी हेच तीनदा केलं. मग त्या मागे गेल्या आणि खडूच्या डब्याचं पत्र्याचं झाकण फरशीवर आपटलं. शेजारची लेकरं दचकून वळली, एक तर रडायलाच लागलं. शकुन चंद्राशी खेळत होती.

शेवटी बाईंनी माझ्या खालून बोटाने वाजवलं. टक, टक. शकुनने दोन्ही तळवे माझ्यावर ठेवले आणि हसली.

“ही मंद नाही,” लीलाबाई म्हणाल्या. “हिला ऐकू येत नाही. आणि तरी चार वर्षं तुम्हाला कळू दिलं नाही, इतकं नीट तिनं तुम्हाला वाचलंय.”

जयवंता लेकीकडे बघत राहिली. चार वर्षं ती हाका मारत होती. अंगाई म्हणत होती. शकुन यायची, निजायची. हाकेला नव्हे, पुढे केलेल्या हाताला. अंगाईला नव्हे, थोपटण्याला. आपण आई म्हणून किती आंधळ्या, असं तिच्या मनात आलं असणार. शकुनने तिचा चेहरा पाहिला आणि चंद्राचा ठोकळा तिच्या हातात दिला.

शकुनला बालवर्गात पहिल्या ओळीत, वर्गातल्या मास्तरणीच्या तोंडासमोर जागा मिळाली. तेल्हाऱ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. मी अमरावतीला गेले. तिथे पंधरा वर्षं अनेक लेकरांसमोर बसले, आणि दर वेळी लीलाबाई आधी माझ्यावर टकटक करून मगच घड्याळ काढायच्या. माझी कारकीर्द म्हणाल तर तेवढीच.

मग ओलीने मी फुगले. चांदणी खाचेत अडकली ती निघेना. मोजमापाच्या कामातून मी गेले. बाईंनी मला रेल्वेने अकोल्याला, जयवंताकडे पाठवून दिलं.

आता मी ओसरीवरच्या बाकाला ठोकलेली आहे. त्या बाकावर शकुन फुलं ओवत बसते. मान खाली, बोटं चाललेली. तिला बोलवायचं असलं की मला वाजवायचं, ही घरची रीत. एक टकटक म्हणजे जेवायला ये, दोन म्हणजे कुणी आलंय. पार्बताबाई आता फार थकली आहे. काठीने सगळ्यात जास्त तीच मला ठोकते, कधी कधी काही काम नसतानाही. नातीने वर बघावं, एवढ्याचसाठी.

तुमच्या घरात कुणी हाकेला येत नसेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा समोर जाऊन बसा. मी अडाणी लाकूड, चुकतही असेन. पण ती बघा, काठी उचलली म्हातारीने. मोजायला घडवलेली मी, हाक होऊन उरले आहे. टक. मुळांपर्यंत पोचलं. शकुनने मान वर केली.