निळ्या दिव्याखालचा शर्ट

आमच्या धुलाईखान्यात सैनिकांचे कपडे धुतात, तंबू, दोर, पाठपिशव्या साफ होतात, आणि ते सगळं माझ्या नजरेखालून जातं. नजर संशयी आहे, कबूल. नवरा म्हणतो, "तू आरशातल्या बाईलाही विचारशील, तुझं इथे काय काम?" विचारीन. विचारल्याशिवाय कळतं कुठे?

तेव्हा नवा धुलाईवाला पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपत होता. मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीतून आला म्हणून आम्ही त्याला 'हॉटेल'च म्हणायचो. तिकडे चादरी चमकायला हव्यात. इकडे चमकणं हाच गुन्हा. बाजारच्या सुगंधी पावडरीत कपडा उजळ दिसावा म्हणून काहीतरी घातलेलं असतं. दिवसा ते जाणवत नाही, पण रात्री शत्रूच्या दुर्बिणीत असला कपडा घातलेला माणूस अंधारात उठून दिसतो. म्हणून आमच्याकडे बिनवासाची पावडर, खळ नाही, इस्त्री नाही, आणि वर्दी घरी धुवायला सक्त मनाई. शंका आली तर कपडा अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली धरायचा. चमकला की बाद.

हॉटेल काम चोख करायचा. तेच मला खटकायचं. शिवाय तो कपडे हुंगायचा, एकेक शर्ट नाकाला लावून.

"फुलं आहेत का ती?" मी विचारलं.

"सवय आहे, बाई."

सोमवारी तुकडीचे कपडे तपासायला यायचे. त्या दिवशी हा हमखास एखादा शर्ट उचलून बॉयलरमागे जायचा आणि रिकाम्या हाताने परतायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुकडी सीमेवर निघाली तोही सोमवारच. माझा लेक त्याच तुकडीत. संध्याकाळी ट्रक सुटणार होते. दुपारी मी हॉटेलच्या मागोमाग गेले, तर हा पालथ्या बादलीवर बसलेला, मांडीवर दोन शर्ट, हातात सुईदोरा. एका जवळजवळ कोऱ्या शर्टाची नंबरपट्टी उसवून तो ती कोपराला ठिगळ असलेल्या शर्टावर शिवत होता. मी नंबर वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या लेकाचा नंबर!

"माझ्या पोराच्या अंगावर ठिगळ, आणि कोरा शर्ट बाजारात?"

"बाई, हळू बोला. तसं नाहीये."

"मग कसं आहे?"

आरडाओरडा ऐकून कामावरच्या दोघीतिघी माना उंचावून बघायला लागल्या होत्या. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एकदा दिव्याखाली धरा. एकट्याच असताना धरा."

"मला दिवा दाखवतोस होय रे?"

आवाज ऐकून आलेल्या स्टोअरसाहेबांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. मी पट्टी कोऱ्या शर्टावर पुन्हा शिवली आणि शर्ट लेकाच्या हातात दिला. त्याने तो लगेच अंगात चढवला. माझा जीव भांड्यात पडला.

पण तो निवांतपणा टिकला नाही. चोर कधी म्हणेल का, माल दिव्याखाली धरा? यातही काहीतरी डाव असणार. मी बॉयलरमागे हात घालून चाचपलं, तर आणखी एक शर्ट कोंबलेला सापडला, त्याचीही पट्टी उसवलेली. अंधाऱ्या खोलीत नेऊन दिवा लावला. कॉलरपासून खालच्या शिवणीपर्यंत शर्ट लखलखला. सापडलास, म्हटलं, हॉटेलची पावडर! वास पकडायला शर्ट नाकाला लावला. काहीच नाही. पुन्हा लावला.

वास होता. माझ्या उशीला येतो, माझ्या पदराला येतो, सुनेच्या ओढणीला येतो, तोच. घरचा होता म्हणून माझ्या नाकाला कधी लागलाच नव्हता. रविवारी मी कामावर असते आणि लेक सुट्टीवर घरी. सून हौसेने नवऱ्याचा शर्ट धुऊन देत होती, आणि लेक पकडला जाऊ नये म्हणून तो परका माणूस दर सोमवारी तो गुपचूप बदलत होता. आज मी तो बदलू दिला नव्हता.

मी धावत सुटले. ट्रकची इंजिनं सुरू झाली होती.

"शर्ट काढ!" मी खालूनच ओरडले. ट्रकभर हशा पिकला.

"आई, काय हे सगळ्यांसमोर!"

तुकडीचे साहेब खाली उतरले. मी म्हटलं, "साहेब, याचा शर्ट दिव्याखाली चमकेल. हा घालून गेला तर मरेल."

"कोणी धुतला?"

हॉटेलचं नाव अगदी जिभेवर आलं. तो तर गेलाच होता. त्याच्यावर आणखी एक आळ घातला असता तर लेक सुटला असता, सून सुटली असती, मीही सुटले असते.

"माझ्या घरी," मी म्हटलं.

लेकाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला वैऱ्याच्या हवाली केलंय. साहेबांनी ठिगळाचा शर्ट आणवला, लेकाने तो अंगात चढवला. साहेब त्याला म्हणाले, "परत आल्यावर याची शिक्षा भोगशील." परत आल्यावर! ते शब्द मला इतके गोड लागले, की मी तिथेच रडले.

फाटकाबाहेरच्या बाकावर हॉटेल बसची वाट बघत होता. मी म्हटलं, "माझं चुकलं. उद्यापासून ये कामावर."

त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या पाठीमागे कोणी उभं आहे का ते पाहिलं.

"हे साहेबांनी सांगितलंय, की तुम्हीच म्हणताय?"

"मीच. साहेबांना मी सांगते ना."

"मग साहेबांचाच निरोप येऊ दे, बाई," तो म्हणाला, आणि पिशवी मांडीवर ओढून घेत बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकला.