'आलोच' म्हणणारे काका

अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, अर्धं तोंड गुळगुळीत आणि गळ्याभोवती पांढरं कापड! गिऱ्हाईक खुर्चीत असं अडकलेलं, आणि सलूनचे काका "आलोच!" म्हणून मागच्या दाराने पसार. दिवसातून हे इतक्यांदा व्हायचं, की गल्लीने त्यांना 'आलोच काका' करून टाकलं.

काकाही हसायचे. पण आतून पार खचले होते. लघवीची घाई अशी यायची, की दोनदा पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. उपाय स्वतःच शोधला, पाणी पिणंच तोडलं. घसा कोरडा पडला, घाई मात्र तशीच! शेवटी एके दुपारी घरी येऊन म्हणाले, "सलून विकून टाकतो. वय झालं आता."

"वय झालं?" काकू म्हणाल्या. "परवा बाजारात तर प्रत्येक दुकानाच्या काचेपुढे थांबत होतात. सोनाराच्या समोर तर किती वेळ! मला वाटलं, कानातले घेताय मला."

काका ओशाळले. "कानातले कसले! चाललं की पोटऱ्या भरून येतात. थांबलं की बरं वाटतं. उगाच रस्त्यात उभं कसं राहायचं, म्हणून काचेत बघतो."

"आणि मी आपली वाट बघतेय!" काकूंनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

काकांनी फक्त पायाचं सांगितलं. बाईंनी पावलावर बोटं ठेवून नाडी चाचपली. ती जेमतेमच लागली.

"सिगारेट ओढता?"

"दोन गिऱ्हाइकांच्या मधे एक."

"धंदा जोरात दिसतोय! आणि लघवीची काही तक्रार?"

काका छताकडे बघू लागले. मग काकूच बोलल्या, "बाई, अख्खी गल्ली यांना 'आलोच काका' म्हणते."

बाई खळखळून हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "काका, मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिलाही रक्त लागतं. पायाला आणि तिला रक्त नेणाऱ्या वाहिन्या एकाच मोठ्या वाहिनीतून फुटतात. धुराने, रक्तदाबाने, चरबीने त्या आतून अरुंद झाल्या, की चालताना पोटरी कुरकुरते आणि पिशवीही चिडचिडी होऊ शकते. कारणं दुसरीही असतात, साखर, प्रोस्टेट, जंतुसंसर्ग. सगळं तपासू. पण अर्धं दुखणं घरी ठेवून आलात, तर मी अर्धीच डॉक्टर!"

"बाई, असलं सांगायला लाज वाटते हो."

"तुम्ही लोकांच्या नाकातले केस कापता. ते लाजतात?"

"छे! खुशाल मान वर करून बसतात."

"मग तुम्हीही बसा की!"

आता मात्र काकाच हसत सुटले. मनावरचं ओझंच उतरलं! दोनदा उशीर झाला होता, तेही त्यांनी सांगून टाकलं.

तपासण्या झाल्या. साखर ठीक, प्रोस्टेट वयाच्या मानाने बरी, पायाच्या रक्तवाहिन्या मात्र अरुंद. गोळ्या सुरू झाल्या, पाणी बेताने पण दिवसभर, आणि रोज चालणं: पोटरी भरली की थांबायचं, पुन्हा निघायचं. सिगारेट सोडताना काकांनी घर डोक्यावर घेतलं. काकूंनी ते सोसलं, आणि कानातलेही वसूल केले! काही महिन्यांनी घाई पुष्कळ कमी झाली, पोटऱ्याही ऐकू लागल्या. सलून विकायचा विषय काकांनी पुन्हा काढला नाही.

एक दिवस खुर्चीतल्या कारकुनाने हळूच विचारलं, "काका, ते तुमचं 'आलोच'... मलाही तसंच होतं. पायही दुखतात."

काकांनी कात्री खाली ठेवली आणि सगळं मोकळेपणाने सांगितलं. मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी तोंडापुढचा पेपर हळूहळू खाली घेतला. "अहो," ते म्हणाले, "त्या बाई संध्याकाळी किती वाजता बसतात?"

मंडळी, शरीराचा एक भाग बोलण्याजोगा आणि दुसरा लपवण्याजोगा, हा भेद आपण केला आहे, रक्ताने नाही. ते पायात जातं तसंच मूत्राशयातही जातं. म्हणून दुखणं हसण्यावारी नेऊ नका, वयावर ढकलू नका, आणि डॉक्टरांना सांगाल तेव्हा पुरतं सांगा!