काट्यावरच्या घटोत्कचाचं बारसं

गाळप सुरू होण्याआधी आमच्या साखर कारखान्यात उसाचं वाजतगाजत लग्न लावतात, म्हशीचं डोकं पुरतात, साऱ्या गावाला जेवण घालतात. कॉम्प्युटर तपासायला मात्र मला कोणी अर्धा दिवस देत नाही. मग पहिल्याच सकाळी उसाचा वजनकाटा अडला की बोंब माझ्या, म्हणजे विरात्नोदादाच्या, नावाने.

"मास विरात्नो, लवकर या!" व्यवस्थापक पाक लेस्तार्यो, म्हणजे आमचे लेस्तार्योसाहेब, फोनवर ओरडले. "ट्रकची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेलीय. वजन होत नाही, गव्हाण रिकामी आहे, ऊस उन्हात वाळतोय!"

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच प्रयोगशाळेतून रडका आवाज आला. त्यांचा कॉम्प्युटर म्हणे त्यांना आतच घेईना, "तू आमच्यातला नाहीस" म्हणून बसलेला. मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या आणि मोटारसायकल काढली.

काट्याच्या खोलीत बू ङातिनाह, म्हणजे ङातिनाहबाई, निवांत बसल्या होत्या. केसांचा अंबाडा घट्ट, काटा सांभाळण्यात उभा जन्म गेलेला. समोरच्या पडद्यावर एकच ओळ होती: परवानगी नाही. आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर दोन वाट्या, एकीत गुळाची लाल खीर, दुसरीत नारळाच्या दुधाची पांढरी.

"बू, हे काय?"

"खीर. तुमची बाजूला काढून ठेवलीय. आधी खा."

"कॉम्प्युटरवर खीर कशाला?"

"काल त्याचं नाव बदललं ना. घटोत्कच! केवढं जड नाव ते. पेलेना त्याला. मागच्या हंगामात सारखा आजारी, मध्येच डोळे मिटायचा. आता त्याचं नाव स्लामेत, म्हणजे सुखरूप."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे पोर सारखं आजारी पडलं की त्याला नाव पेलत नाही असं धरतात. मग हलकं नाव देऊन लाल-पांढरी खीर वाटतात. माझंही असंच बदललंय. पण मी माणूस आहे, मला काय कोणी वीज लावून चालवत नाही! जुन्या व्यवस्थापकांना छायाबाहुल्यांच्या खेळाचं वेड, म्हणून सगळ्या कॉम्प्युटरना त्यांनी महाभारतातली नावं दिली होती, आणि साऱ्यांवर हुकूम चालवणारा सर्व्हर म्हणजे अर्थातच कृष्ण. कोण आपला, कोण परका, कोणी माहितीची कुठली कोठी उघडायची, सगळं तो ठरवतो. त्याच्या राज्याला आम्ही डोमेन म्हणतो.

"अहो, पण प्रयोगशाळेत मागाहून आलेल्या कॉम्प्युटरचं नाव आधीच स्लामेत आहे!"

"हो, विचारलं की या पडद्याने मला. या नावाचा एक आहे, तेच वापरू का, म्हणून. मी हो म्हटलं. आमच्या गल्लीत तीन स्लामेत आहेत, मास. कोणी भांडत नाही."

"कृष्णाकडे एका नावाचा एकच चालतो, बू! तुमचा स्लामेत आत शिरला आणि त्याने प्रयोगशाळेतल्या बिचाऱ्याला हाकललं. शिवाय वजनाच्या कोठीची परवानगी होती घटोत्कचाच्या नावाने. स्लामेतला कोण विचारतो?"

"पण तुम्ही मागे एका कॉम्प्युटरचं नाव बदललंत, तसंच मी केलं."

तेही खरं. आणि असले बदल करायची मुभा बूंना लेस्तार्योसाहेबांनीच मिळवून दिली होती, ऊठसूट मला बोलवायला नको म्हणून. हे ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात साहेब स्वतः आत घुसले. चेहरा लालबुंद. बहुतेक सगळं दारातूनच ऐकलेलं.

"बू ङातिनाह, उद्यापासून तुम्ही बंदरावरच्या मळीच्या गोदामात!"

बूंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर कारखान्याच्या भिंतीला लागून, म्हणून दुपारी जाऊन चार घास भरवता यायचे. बंदरावरून ते कसं जमणार?

"पाक, मग आमच्या यांना जेवू कोण घालणार?"

"नाव बदलताना सुचायला हवं होतं. मास, जुनं नाव घाला. आत्ताच्या आत्ता!"

मी खुर्ची ओढली, तर बूंनी दोन्ही हात कीबोर्डवर पसरले.

"मला कुठेही पाठवा. पण जुनं नाव नको. टाकलेलं नाव परत घेतलं की दुखणं दुपटीने येतं. हा बिघडला तर एवढ्या लोकांचा ऊस वाळेल, पाक."

मला खरंच भडभडून आलं. ही बाई स्वतःचं घर सोडून कॉम्प्युटरच्या तब्येतीसाठी भांडत होती.

"अंधश्रद्धा!" साहेब गरजले. "कारखान्यात असले खेळ चालायचे नाहीत!"

तेवढ्यात खिडकीतून एक बिनदाताचं हसू आत आलं. काट्यावर उभ्या ट्रकचा म्हातारा ड्रायव्हर, म्बाह कार्सिमान, म्हणजे सगळ्यांचे आजोबा. साहेबांच्याच गावचा.

"लेस्तार्यो, केवढा ओरडतोस रे! तुझ्या खिरीला मी होतो. दोन वाट्या खाल्ल्या होत्या."

साहेब खिडकीकडे झेपावले, पण म्हातारा थांबतोय कसला!

"दिवसाआड ताप यायचा तुला. तुझ्या आजोबांनी नावच तेवढं राजेशाही ठेवलेलं. काय बरं ते? सूर्य..."

"म्बाह!" साहेब किंचाळले. "नका! ते नाव तोंडातून काढू नका!"

बाहेरचे ड्रायव्हरही खिडकीशी गोळा झाले. साहेबांचा हात नकळत स्वतःच्या कपाळावर गेला होता, ताप आहे का बघायला.

"मग त्या बिचाऱ्याच्या मागे का लागलायस?" म्हाताऱ्याने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

साहेबांनी घसा खाकरला. "मास, कोणाचंच नसलेलं तिसरं नाव दिलं तर?"

"चालेल ना," मी म्हटलं. पहिल्यापासून तेच म्हणणार होतो, पण या गोंधळात मला बोलू कोण देतो!

ड्रायव्हरांनी नावांचा नुसता पाऊस पाडला. बेजो ठरलं, म्हणजे नशीबवान. मी आधी कृष्णाकडे बेजो नावाचं कोणी नाही ना ते पाहिलं, मग नाव बदललं, बेजोला वजनाच्या कोठीची परवानगी दिली. जाता जाता कॉम्प्युटरचं खोकं उघडलं, तर पंख्यावर साखरेच्या धुळीची खपली आणि त्यात मुंग्यांचं अख्खं गाव. घटोत्कचाचं दुखणं ते हे! मी मोठ्याने सांगितलंही, पण सगळे खीर वाटण्यात गुंग. मुकाट्याने साफ केलं. बेजो चालू झाला, म्बाहच्या ट्रकचं वजन उमटलं आणि बाहेर टाळ्या पडल्या.

"पाक, गोदामाचं?" बूंनी हळूच विचारलं.

"कसलं गोदाम? याला नवीन नावाने हाक मारायची सवय कोण लावणार?"

बूंनी बाहीने डोळे पुसले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. प्रयोगशाळेतल्या स्लामेतला परत घरात घ्यायचं होतं, म्हणून मी निघालो. साहेब वाटी चाटूनपुसून माझ्यामागे दारापर्यंत आले, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मास, आपला सर्व्हर हल्ली फार मंद चालतो. कृष्ण हे नाव तुम्हाला जरा जड नाही वाटत?"