चालत्या मशीनचं कौतुक

“चालत्या मशीनचं कौतुक करायचं नाही, रमाकांत. तिला कान असतात.”

नारायण मिस्त्रींचा तो जुना आवाज कानात घुमला, तेव्हा रमाकांत गाडीच्या मागे उकिडवे बसून, करंगळी सायलेन्सरच्या नळीत घालून आतली काजळी चाचपत होते. नाशिकच्या कारखान्यात, कॉम्प्रेसरच्या खोलीत, विशीतल्या रमाकांतांच्या तोंडून ‘काय मस्त चाललाय’ एवढंच निघालं होतं. मिस्त्रींनी पान्यानं त्यांच्या हेल्मेटवर टकटक केलं होतं आणि तो नेम सांगितला होता. मशीन चालली तर ‘चालली’ म्हणायचं. ‘छान चालली’ म्हटलं की त्याच पाळीत बेअरिंग ओरडतं, पट्टा तुटतो, साहेबांचा फोन येतो. मेंटेनन्सच्या माणसांत हा नेम कुणी कुणाला लिहून देत नाही, पण मोडतही नाही.

रमाकांतांनी तो पुढे सिल्वासात आणला. इथल्या धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स सांभाळत केस पांढरे केले, निवृत्त झाले, आमलीतल्या या रो-हाऊसमध्ये स्थिरावले, आणि नेमही त्यांच्याबरोबर घरात राहायला आला. भाजी फक्कड झाली की ते मुकाट्यानं वाटी पुढे करायचे. मुलगा पराग शाळेत पहिला आला तेव्हा ‘आता पुढे काय?’ एवढंच विचारलं. पोराचा चेहरा उतरला, तो त्यांना दिसला. पण नजर कुणाची लागते? ज्याचा जीव जास्त अडकलेला, त्याचीच.

करंगळी बाहेर काढून त्यांनी उन्हात धरली. कोरडी, राखाडी काजळी. तेलाचा चिकट अंश नाही, काळा ओलावा नाही. त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि चेहरा होता तसाच ठेवला.

“नाडी बघून झाली असेल तर वैद्यबुवांनी चहा घ्यावा,” दारातून सरिताबाई म्हणाल्या. “आणि तो रुमाल माझ्या बादलीत टाकू नका.”

गाडी शीतलची. त्यांच्या सुनेची. आठ वर्षांपूर्वी मस्कतला जाताना परागनं घेऊन दिली होती, कारण शीतल खडोलीच्या एका प्लॅस्टिक कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची आणि कंपनीच्या बसच्या वेळा तिला सोसत नव्हत्या. गाडी दारात आली त्या दिवशी रमाकांतांनी बॉनेट उघडलं आणि मान हलवली. एक लिटरचं इंजिन, तीन सिलिंडर, आणि त्यावर टर्बो. मुंगीच्या पाठीवर गव्हाचं पोतं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले होते. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरावर फिरणारी लिंबाएवढी पंखी. ती आत हवा कोंबणार आणि एवढ्याशा इंजिनाकडून मोठ्याचं काम करून घेणार. गरम तर इतकी की लोखंड लाल व्हावं. आणि तिचा दांडा कशावर तरंगतो, तर तेलाच्या केसाहून पातळ थरावर. असं मशीन चार वर्षं काढील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

चार वर्षं गेली, आणखी चार गेली. किलोमीटरचा काटा लाखाच्या कितीतरी पुढे सरकला. सिल्वासाची धूळ, खडोलीच्या वाटेवरचे ट्रेलर, पावसाळ्यातले खड्डे, चार माणसं आणि तांदळाची पोती घालून केलेला नाशिकचा घाट. ती चिमुकली पंखी मात्र फिरत राहिली. शीतल गाडीच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्याच किलोमीटरवर तेल बदलून घ्यायची, एअर फिल्टर झटकून आणायची. थंडीत सकाळी गाडी सुरू केली की लगेच पळवायची नाही. गल्ली संपेपर्यंत अशी न्यायची, जशी एखादी बाई झोपलेलं तान्हं मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते. रमाकांत खिडकीतून सगळं बघायचे, ऐकायचे. आवाजात शिट्टी चढत नाही ना, वेग सोडताना निळा धूर येत नाही ना. दर रविवारी करंगळी घालून बघायचे. आणि आठ वर्षांत एक अक्षर बोलले नव्हते.

आज मात्र गाडीला गिऱ्हाईक येणार होतं.

चहाचा कप हातात देताना सरिताबाईंनी आवाज खाली आणला. टर्बो लाखानंतर कधीही दगा देतो, चालतीय तोवर विकून टाक, असं परागनं मस्कतहून सांगितलं होतं खरं. पण शीतल एका शब्दात तयार झाली ती त्यामुळे नाही. कंपनीनं तिला खडोलीतच क्वार्टर देऊ केलं होतं, ते रमाकांतांनाही माहीत होतं. गाडी विकायची, तिथंच राहायचं, शनिवार-रविवार इकडे यायचं, असं तिनं ठरवलं होतं. काल भाजी निवडता निवडता ती सासूला म्हणाली होती की बाबांना ही गाडी कधी आवडलीच नाही, आणि गाडीच काय...

“‘गाडीच काय’ म्हणजे?” रमाकांतांनी विचारलं.

“मी कशाला सांगू? आठ वर्षं ती पोरगी बघतेय, सासरा दर रविवारी तिच्या गाडीत खोट शोधतो. काय समजावं तिनं?”

रमाकांतांनी चहा संपवला. बोलण्यासारखं त्यांच्याकडेही होतं, पण ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

रोज संध्याकाळी ते पोर्चमधल्या झोपाळ्यावर बसायचे. गल्लीच्या तोंडाशी ओळखीचा आवाज आला की आत सरिताबाई गुणगुणायला लागायच्या, त्यांच्या आईकडून आलेल्या चालीवर, शब्द मात्र स्वतःचे घालून:

सून माझी गं मैना, गेली दूरच्या शिवारा,
तिच्या पावलांनी आला, माझ्या घराला उबारा.

गाडी गेटशी थांबायची, पण इंजिन बंद व्हायचं नाही. शीतल आतच बसून राहायची, हात मांडीवर, नजर समोर. पहिल्यांदा रमाकांतांना वाटलं, टर्बो निववत असेल. पण मेंटेनन्सचं डोकं लगेच हिशेब करायचं: नाक्यापासून गेटपर्यंत ती गर्दीतून, गाई-म्हशींमागून रांगत आलेली. टर्बो निवायचा तो वाटेतच निवला. मग ही कशाला थांबते? एकच उत्तर उरत होतं. दिवसभर दमून आलेल्या पोरीला या घरात शिरायच्या आधी मन घट्ट करावं लागत असेल. आणि ते कुणामुळे, हेही त्यांना कळत होतं. म्हणून तिनं दार उघडायच्या आत ते उठून आतल्या खोलीत जायचे. तेवढाच तिला मोकळेपणा. आठ वर्षं शीतल पोर्चमध्ये आली की तिच्यासमोर रिकामा झोपाळा हलत असायचा.

म्हणूनच क्वार्टरची गोष्ट निघाली तेव्हा रमाकांत ‘बरं’ म्हणाले होते. जिला आत यायला जड जातं, तिला कुणी कशाला अडवावं?

गिऱ्हाईक दहाच्या सुमारास आलं. मंगेश नावाचा डहाणूकडचा तरुण, खडोलीतच सुपरवायझर. नमस्कार वगैरे करून तो गाडीभोवती फिरला, टायर दाबले, बॉनेट उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघितलं.

“काका, मोबाईलवर बघून बघून डोकं आऊट झालंय माझं,” तो म्हणाला. “एक बोलतो, छोटा टर्बो म्हणजे यूज अँड थ्रो. दुसरा बोलतो, काय नाय होत. तुम्ही फॅक्टरीवाले, तुम्ही चला ना बरोबर. बराबर कळेल.”

रमाकांत मागच्या सीटवर बसले, शीतल पुढे मंगेशच्या शेजारी. या गाडीत ते फार वेळा बसलेच नव्हते. मंगेशनं चालवायला घेतली आणि खडोलीचा रस्ता धरला. दोन्हीकडे कारखान्यांच्या भिंती सरल्या, मग भाताची खाचरं, ताडांची रांग. खेरडीच्या अलीकडे चढ लागला. पुढे दगडानं भरलेला ट्रक धापा टाकत होता. मंगेशनं पाय दाबला, आणि रमाकांतांनी डोळे मिटले.

आवाज खालून वर चढत गेला. आधी तीन सिलिंडरची ती किंचित खरखरीत गुणगुण, मग तिच्यात मिसळलेला वाऱ्याचा बारीक सूर, आणि त्यानंतर पाठीला सीटकडे ओढणारा जोर. कुठं अडखळणं नाही, कुठं कण्हणं नाही. एवढंसं इंजिन ट्रकच्या कडेनं असं निघालं, जशी जत्रेत खांद्यावरची पोर बापाच्याही आधी देऊळ बघते. रमाकांतांनी आयुष्यात खोलीएवढी मशीनं ऐकली होती. त्यांतली निम्मी या वयात ठणठणायला लागली होती. त्यांचा हात नकळत सीटच्या पाठीवर गेला आणि त्यांनी तिला हलकेच थोपटलं. आरशात शीतलचे डोळे त्यांच्याकडे वळलेले दिसले, तसा त्यांनी हात मागे घेतला.

“पिकअप तर भारी हाय,” मंगेश म्हणाला.

रमाकांतांनी मान खिडकीकडे वळवली.

परतताना गावात रविवारच्या बाजाराची गर्दी होती, म्हणून शीतल चालवायला बसली. नाक्यापासून पुढे तर भाजीच्या हातगाड्या, रिक्षा, मधेच बसलेली गाय. गाडी पावलापावलानं घराशी आली. शीतलनं गेटसमोर ती उभी केली, हँडब्रेक ओढला आणि हात मांडीवर ठेवले. इंजिन चालूच.

मंगेशनं दाराला हात घातला, मग थांबला.

“ताई, बंद नाय करत?”

“थांबा थोडं. टर्बो निवू दे.”

मंगेश हसला. “ओ ताई, नाक्यापासून तर आपण बैलगाडीसारखे आलो. निवला तो केव्हाच.”

“माहीत आहे,” शीतल म्हणाली.

“मग?”

ती समोरच बघत होती. तशीच म्हणाली, “गाडी आली ना, त्या आठवड्यात बाबा ह्यांना फोनवर सांगत होते. आली की लगेच बंद करायची नाही, थोडी चालू ठेवायची, नाहीतर आतलं तेल जळतं आणि टर्बो बसतो. मला नव्हतं सांगितलं, पण मी ऐकलं. तेव्हापासून एकदाही लगेच बंद केली नाही. पुढे कळलं मला, हळू आलं तर गरज नसते. पण म्हटलं, बाबांनी सांगितलंय तर राहू दे तसंच.”

मागच्या सीटवर रमाकांत हलले नाहीत. इंजिनाची मंद थरथर सीटमधून त्यांच्या तळहातांत येत होती. किती संध्याकाळी, पावसाच्या, थंडीच्या, दिवाळीच्या. तिथं झोपाळ्यावर बसून त्यांनी हेच थांबणं बघितलं होतं आणि तोंड फिरवून आत गेले होते. आणि ही इथं बसून, गरज नसताना, त्यांचा शब्द पाळत होती.

शीतलनं किल्ली फिरवली. इंजिन शांत झालं.

तिघं उतरली. सरिताबाई सरबताचा ट्रे घेऊन पोर्चमध्ये आल्या होत्या. मंगेशनं ग्लास घेतला, एका दमात रिकामा केला आणि रमाकांतांसमोर येऊन उभा राहिला.

“काका, माझं तर मन बसलंय. पण तुम्ही एवढे गप. मागं गप, आता पण गप. मेंटेनन्सवाला गप बसला की समजायचं, कायतरी लोचा हाय,” तो म्हणाला. “काय हाय ते सांगा. लपवू नका. चांगलीय का नाय?”

शीतल किल्ली मुठीत धरून खाली बघत होती. उत्तर तिला ठाऊक असल्यासारखी.

रमाकांतांना आपली अडचण स्वच्छ दिसत होती. खरं बोलावं तर गाडी इथून जाईल, आणि गाडीमागून शीतल. गप्प राहावं तर मंगेश रिकाम्या हातानं जाईल, गाडी राहील. पण शीतल जे समजून बसली आहे तेच पक्कं होईल, आणि मग ती आज ना उद्या जाईलच. खोटं बोलणं तर त्यांना मशीनच्या बाबतीत कधी जमलंच नव्हतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. पत्रा उन्हानं आणि इंजिनानं तापलेला होता. हात तिथंच राहिला.

“मंगेशराव, गाडी छान आहे,” ते म्हणाले. शब्द जिभेला अनोळखी होते, एकेक करून बाहेर आले. “फार छान चालते. लाखाच्या पुढे गेलेलं एवढं निरोगी इंजिन मी बघितलेलं नाही. टर्बोत खोट नाही, तेल खात नाही. दर रविवारी मी बघतो, ते खोट काढायला नाही. दर रविवारी खात्री पटते, म्हणून बघतो.”

सरिताबाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला.

“आणि ते कंपनीनं चांगलं बनवलं म्हणून नाही. म्हणजे, असेल बनवलेलं. पण हिनं राखलं म्हणून. तीस वर्षं माझ्या हाताखाली माणसं होती. असं मशीन राखणारा एकही नव्हता.”

मंगेशनं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा शीतलकडे. त्याला काहीतरी उमगलं असावं. ग्लास ट्रेमध्ये ठेवून तो म्हणाला की फोन आलाय, जरा बाहेर जाऊन येतो. फोन वाजला नव्हता.

शीतलनं मान वर केली. “बाबा, मला वाटायचं...”

“मलाही वाटायचं,” रमाकांत म्हणाले. बॉनेटवरचा हात त्यांनी उचलला, आणि आता तो कुठं ठेवावा हे न कळून तसाच धरला. “तू गेटशी थांबलीस की मला वाटायचं, पोरीला आत यावंसं वाटत नाही. म्हणून उठून जायचो. शीतल, खडोलीला जायचं का नाही ते तू ठरव. पण एवढं ऐकून ठरव. रोज चार वाजल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही. मी तुझी वाट बघत असतो.”