रुमालवाली ताई

नाचाच्या वर्गात मास्तरांनी यादी वाचली आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वार्षिक कार्यक्रमाची सुरुवात दरवर्षी वॉल्ट्झने व्हायची, आणि तो वॉल्ट्झ इतकी वर्षं ताई आणि तिची धाकटी बहीण नाचायच्या. यंदा यादीत धाकटी होती, आणि तिचे जोडीदार म्हणून दातांचे डॉक्टर! चार महिन्यांपूर्वी वर्गात आलेले. तीनच्या ठेक्यात चौथं पाऊल टाकून बसणारे!

"पुरुषाच्या जागी पुरुष असला की जोडी कशी शोभून दिसते," मास्तर म्हणाले. "आणि ताई, एवढं करा, तीन आठवड्यांत डॉक्टरांना तुम्हीच तयार करा. पुरुषाची बाजू तुमच्याइतकी इथे कोणाला येते?"

म्हणजे रांधायचं हिने आणि पानावर बसायचं दुसऱ्याने. वर आणखी कौतुक!

हा वर्ग जुन्या नाचांचा. शंभरेक वर्षांपूर्वी लोक जोडीजोडीने जे नाचायचे, ते वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, वन-स्टेप मास्तर जुन्या तबकड्या लावून शिकवायचे. शिकायला यायच्या बहुतेक बायकाच. पुरुष चार-पाच, त्यातल्या दोघांचे गुडघे कामातून गेलेले. म्हणून वर्गाची एक रीतच पडली होती: जी बाई पुरुषाच्या बाजूने नाचणार, तिने दंडाला पांढरा रुमाल बांधायचा. सोळा वर्षांपूर्वी धाकटीचा नवरा तिला सोडून गेला. ती दिवस दिवस भिंतीकडे बघत बसायची. तेव्हा ताईने तिला हाताला धरून ओढत इथे आणलं. ताई उंच, खांद्यांनी रुंद, गणवेशांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून कापड बेतणारी आणि कापणारी. मास्तरांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रुमाल हातात दिला. तो जो बांधला, तो बांधलाच.

तरी तिने डॉक्टरांना शिकवलं. रागारागाने शिकवलं, पण चोख शिकवलं. काम वाईट करायचं म्हटलं तरी तिला जमलं नसतं.

"खांदा सोडा, खांदा! ओंडका धरलाय का तुम्ही? बाईला ढकलायचं नसतं, तिला वाट करून द्यायची असते!"

डॉक्टर बिचारे घामाघूम. माणूस सज्जन होता, तेच तर वाईट, धड भांडताही येईना. दुसऱ्या आठवड्यात ते चाचरत म्हणाले, "ताई, माझ्यावर राग धरू नका. मी नाहीच म्हणत होतो. तुमच्या बहिणीनेच मास्तरांना गळ घातली."

त्या संध्याकाळी ताई चालतच घरी गेली. बसची वाट बघण्याइतका धीर कोणाला होता! दोघी एकाच घरात राहायच्या. धाकटी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती.

"तू सांगितलंस मास्तरांना?"

"हो," धाकटी म्हणाली. "मीच सांगितलं."

"शरम नाही वाटली? आधी मला विचारायचं तरी!"

"तुला विचारलं की तू हो म्हणतेस आणि मग महिनाभर तोंड फुगवून बसतेस." धाकटीने पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं. "सोळा वर्षं लोक म्हणतात, बघा, बहिणी-बहिणीच नाचतायत, दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं. मला एकदा, फक्त एकदा, एखाद्या पुरुषाबरोबर नाचायचं होतं, ताई. काय चुकलं माझं?"

"आणि मला?"

"तुला काय?"

"मला नको होतं?"

धाकटी खरोखरच गोंधळली. "तुला पुरुषाची बाजूच आवडते ना? तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? एकाने तरी विचारलं?" ताईचा आवाज चिरकला. "तू नाचताना मागे मागे जातेस, खुशाल डोळे मिटून! कुठे आदळशील याची फिकीर नाही. का? तर बघायला मी आहे! माझ्यासाठी कोण बघतं गं?"

ताई न जेवताच आपल्या खोलीत गेली आणि दार आपटलं.

पुढच्या वर्गाला तिने रुमाल मास्तरांच्या टेबलावर फेकला आणि बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"अहो, तुम्ही तिकडे गेलात तर या सहाजणींना नाचवायचं कोणी?"

"तुम्ही आहात की. चांगले धडधाकट आहात!"

रांगेत खसखस पिकली. डॉक्टरांनी पुढे होऊन अदबीने हात पुढे केला. तबकडी सुरू झाली आणि घात झाला. ताईला मागे जाताच येईना. डॉक्टरांनी डावा पाय पुढे टाकला, तर हिचाही डावाच पुढे. गुडघ्यावर गुडघा आपटला. दुसऱ्या खेपेला तिने डॉक्टरांनाच उलटं रेटत नेलं ते थेट खुर्च्यांवर. सोळा वर्षं पुढे बघून चालायची अंगाला सवय. पाय मागे टाकायचा म्हटलं की मान आपोआप वळायची, मागे काय आहे ते बघायला.

"जाऊ द्या ताई," मास्तर म्हणाले. "या वयात नाही मोडायची सवय. घ्या तो रुमाल."

मास्तरांचं मानगूट धरावं असं तिला वाटलं. त्याहून जास्त राग स्वतःच्या पायांचा आला. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

तेवढ्यात धाकटीने टेबलावरचा रुमाल उचलला. एक टोक दातांत धरून कसाबसा दंडाला बांधला आणि ती ताईसमोर येऊन उभी राहिली.

"तुला काय येतंय?" ताई खेकसली. "जन्मात कधी पुढे पाऊल टाकलं नाहीस तू!"

"नाही येत. पण तू आदळणार नाहीस, एवढं बघेन."

"आणि कार्यक्रम?"

"तू म्हणत असशील तर नाही नाचत मी डॉक्टरांबरोबर."

"नाचायचं! मुकाट्याने नाचायचं! माझी मेहनत आहे त्यांच्यावर. पण त्यानंतर माझ्याबरोबर. दर वर्गाला. सोळा वर्षं मी तुला नाचवलं, आता सोळा वर्षं तू मला नाचवायचं."

"सोळा? अगं, तेव्हा तू चौऱ्याहत्तरची होशील!"

"मग माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस? डावा पाय पुढे टाक!"