बिजागरीला तेल

सभागृहाचं दार उघडलं, आणि आवाज म्हणून आलाच नाही.

ताईंनी ते लोटलं, पुन्हा ओढलं. दार गुमान फिरलं.

"हे करकरत का नाही?"

डोअरकीपरची छाती फुगली. "करकरेल कसं? दोन दिवस खपलोय, ताई. बिजागऱ्या घासल्या, तेल पाजलं. तुमच्या वडिलांच्या हाताखाली शिकलो मी. म्हटलं, त्यांची लेक एवढी मोठी होऊन येतेय, नेमका तिच्याच कार्यक्रमात दारानं गळा काढायला नको!"

ताई पायरीवर बसल्या. रागवायचं तरी कोणावर? बिचाऱ्यानं केलं ते मायेपोटी. पण त्या करकरीसाठीच तर त्यांनी पाऊण तासाची रचना बांधली होती!

ताईंचं संगीत असंच. पातेली, शिलाई मशीन, जिन्यावरची पावलं, कशातूनही सूर काढायच्या. नातेवाईक म्हणायचे, "हिच्या मैफलीला जाण्यापेक्षा मोरीपाशी बसावं, तिकीट तरी वाचेल." एकदा तर कार्यक्रम संपताना वादक पाच आणि श्रोते तीन उरले होते, त्यातला एक झोपलेला. त्याचं ताईंना कधी काही वाटलं नाही. सल एकच होता. चाळीस वर्षांत आई एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. "गाणं करशील तेव्हा बोलाव," म्हणायची.

आता आई पंच्याऐंशीची. कानांनी निम्म्याहून जास्त दगा दिलेला. या खेपेला मात्र आपणहून म्हणाली, "येते." कारण सभागृह हे होतं.

याच दारावर ताईंचे दिवंगत वडील तीस वर्षं, असाच खाकी कोट घालून, डोअरकीपर होते. शाळा सुटली की मायलेकी डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसायच्या. बायकोपोरीला फुकट आत सोडणं वडिलांच्या तत्त्वात बसत नसे. आतलं गाणं दाराआडून झिरपेल तेवढंच. मध्यंतर झालं की दार करकरायचं. लांबलचक, वर चढत जाणारं, शेवटी एक उचकी. आई लगेच म्हणायची, "आले वाटतं," आणि बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घ्यायची, त्यांना बसायला जागा करून. ताईंना त्याहून गोड गाणं पुढे कुठेच भेटलं नाही. ते एकदा आईला ऐकवायचं होतं, इतकंच.

"माती घालू का बिजागरीत?" डोअरकीपरनं विचारलं.

तासभर दोघं झटले. फडक्यानं पुसलं, राख चोळली. दार मेलं हूं की चूं करेना.

"रेकॉर्डिंग असेल ना, ताई?"

"नाही हो. खरं दार असताना रेकॉर्डिंग कशाला, हा माझाच तोरा."

"मग?"

"मी मान हलवली की उघडा. होईल ते होईल."

शांतता हेही संगीतच, असं त्या व्याख्यानांतून ठासून सांगत. लोक माना डोलवत. आता तीच शांतता अंगाशी आली होती.

चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. दाराजवळच्या पहिल्या दोन खुर्च्यांवर ताई आणि आई. आईच्या पलीकडच्या रिकाम्या खुर्चीवर तिची पिशवी. मंचावर एकजण पातेल्याच्या काठावरून बोट फिरवत होता, दुसरी कागद चुरगळत होती.

"गाणं कधी सुरू होणार गं?" आईनं मोठ्यानं विचारलं. मागे हशा पिकला.

"सुरू आहे, आई."

"असं होय," म्हणून आई मान पुढे करून ऐकू लागली. आता एवढ्यासाठीच तरी ते दार ओरडायला हवं होतं.

वादक थांबले. ताईंनी मान हलवली.

दार उघडलं. आवाज नाही. उतरतं ऊन आत आलं आणि त्यात दारावर हात ठेवून उभा राहिलेला, खाकी कोटातला डोअरकीपर. ताईंनी डोळे मिटून घेतले. हरले, असं त्यांना वाटलं.

"आले वाटतं."

सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. ताईंनी डोळे उघडले. आईनं शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती, आणि रिकामी खुर्ची ती हातानं पुसत होती.