एक तळवा राहिला

"पाय पुढं कर," रघू म्हणाला.

हरेशने पाय आणखी मागे घेतला. "काका, मला काय झालेलं नाय. बाकीच्यांचे बघा आधी."

"सगळे असंच बोलतात. पुढं कर."

रोह्यातल्या शाळेच्या व्हरांड्यात अठरा माणसं भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि रघू हातात टॉर्च घेऊन एकेकाचा तळवा तपासत होता. माघी गणेश जयंतीसाठी पेणहून गणपतीपुळ्याला पायी निघालेल्या मंडळींचा हा दुसरा मुक्काम. इथून पुढे घाट उतरला की मुरूड, आणि मग समुद्र उजव्या हाताला धरून किनाऱ्या-किनाऱ्याने बारा दिवस. चार खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या, बाकी सगळं पायांनी. रघूची ही पंचविसावी खेप. कासूजवळच्या खाडीकाठच्या गावात राहणारा, तीस वर्षं मिठागरात राबलेला हा एकसष्ट वर्षांचा माणूस मंडळात कुठल्याच पदावर नव्हता. अध्यक्ष हरेश होता, धाटावच्या कंपनीत नोकरीला. पण पायांचा कारभार रघूकडे.

यंदा त्या कारभाराला कुणी विचारत नव्हतं. दोन महिने रघू घसा कोरडा करत होता. नवे बूट घालून येऊ नका, दोन महिने वापरलेले घाला. नखं सरळ कापा. फोड आला तर फोडू नका, सुईने दोरा ओवून तसाच ठेवा, पाणी आपोआप झिरपतं. पाणी घोट घोट प्या, चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा जवळ ठेवा. किनाऱ्यावर मऊ वाळूतून चालायचं नाय, ओहोटीला पाण्यालगतची घट्ट वाळू धरायची, नायतर उतारामुळे एक पाय सारखा खाली पडतो आणि गुडघा जातो. हे सगळं हरेशने मोबाइलच्या ग्रुपवर टाकलं. चाळीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आणि निघायच्या दिवशी पेणच्या देवळासमोर अठरातले सात जण कोऱ्या करकरीत बुटांत हजर झाले. रघूने कपाळावर हात मारून घेतला.

त्यात ती दिपिका. गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखाटणारी, पहिल्यांदाच चालायला आलेली. ती बूट जुने घालून आली होती, एवढं कबूल करायला हवं. पण तिला प्रत्येक गोष्टीत 'का' लागायचं. मीठ का, सुती मोजे का नकोत, विश्रांती दहाच मिनिटं का. नागोठण्यापर्यंत रघूचं डोकं उठलं होतं.

"जास्त बसलीस की पाय सुजतात गो. मग बुटात जात नाय. कळलं?"

"व्हय. आणि एकमेकांचे तळवे का बघायचे? ज्याचे त्यानं बघावेत की."

"तुझा तळवा तुला दिसतो का?"

दिपिकाने एका पायावर उभं राहून बघायचा प्रयत्न केला आणि ती पडता पडता राहिली. मग तिने पुढे विचारलं नाही.

ही जोड्यांची रीत रघूने आणि त्याच्या जुन्या सोबत्याने, सखाने, पाडली होती. पहिल्या वर्षी एका चालणाऱ्याने तळव्यातली जखम लपवली आणि दिवेआगरला तो तापाने फणफणला, तेव्हापासून. मुक्कामाला पोचलं की आधी पाय धुवायचे, मग जोडीदाराचा तळवा बघायचा. त्यात लहानमोठा, बाई-बाप्या, कुणी कुणाच्या पायाला हात लावावा याचा विचार नाही. आणि दुसरा नियम रोह्याचा. इथे तळव्याला रक्त दिसलं की सकाळच्या गाडीने घरी. कारण पुढे किनाऱ्याला रेल्वे नाही. सामानाचा टेम्पो बरोबर असतो, पण रघू म्हणायचा, टेम्पोत सामान बसतं, चालणारा माणूस बसत नाय. तीन वर्षांपूर्वी खुद्द हरेशला त्याने असं परत पाठवलं होतं. अध्यक्ष असून. हरेश स्टेशनवर हमसून हमसून रडला होता.

सखा मिठागरातला त्याचा सोबती आणि चोवीस वर्षांचा जोडीदार. पंचविसावी दोघांनी मिळून करायची आणि मग थांबायचं, असं ठरलं होतं. गेल्या श्रावणात सखा गेला. म्हणून यंदा अठरा जणांच्या नऊ जोड्या, आणि रघू एकटा. त्याला जोडीदार द्यायचा विषय हरेशने काढला होता. रघूने तो उडवून लावला. त्याच्या तळव्याला आजवर एक फोड आला नव्हता. काल कासूच्या फाट्यावर सगळ्यांच्या पायांवर पाणी घालायला उभी असलेली त्याची बायको सगुणाही म्हणाली होती, शुगर हाय तुमाला, रोज कुणाला तरी पाय दाखवा. "मिठागरात शिजलेत माझे पाय," रघू म्हणाला होता आणि पुढे निघाला होता.

हरेशच्या टाचेला नुसता लाल चट्टा निघाला. रघू पुढच्याकडे सरकणार, एवढ्यात दिपिका वाकून लादीकडे बघत म्हणाली, "काका, हे रक्त कुणाचं?"

लादीवर ओल्या पावलांचे ठसे होते. त्यातल्या एका ठशात लाल ठिपका. पुढच्या ठशातही. मूर्तीच्या डोळ्यातली रेघ केसभर हलली तरी जिला दिसते, तिलाच तो दिसायचा.

रघूचा पारा चढला. "कोण लपवतंय? आत्ताच बोला."

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले.

"मी काय माझ्यासाठी ओरडतोय? पुढं घाटात पाय सडला तर तुमच्या आईबापाला मी काय सांगू? नवे बूट घालू नका बोललो, घातलेत. आता रक्त पण लपवताय. माझं ऐकायचंच नसेल तर मला आणता कशाला?"

बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. दोन दिवसांचा सगळा संताप त्यात होता, आणि सखा असता तर एवढं ओरडावं लागलं नसतं ही कळही होती. त्याने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. छत्तीस तळवे टॉर्चखाली दाबून बघितले. फोड होते, साल निघालेली होती, एकाचं नख काळं पडलं होतं. रक्त नव्हतं.

"मग आलं कुठून?" तो व्हरांड्याच्या मध्ये उभा राहून म्हणाला.

"काका," दिपिका म्हणाली, "एक तळवा राहिला."

रघूला आधी कळलंच नाही. मग त्याने मागे वळून पाहिलं. लाल ठिपके त्याच्या मागून येत होते.

त्याला खाली बसवून दिपिकाने त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाचेच्या पुढे, सालटासारख्या जाड कातडीत, शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं. हरेशने त्याची चप्पल उलटी केली. हायवेच्या कामावरचा एक खिळा रबरातून वर आला होता. नागोठण्याच्या अलीकडेच घुसला असावा. रघू त्याच्यावर कालपासून चालत होता.

"दुखत नाय का?" तिने जखमेच्या कडेला दाबून विचारलं.

"दाबतेस व्हय?" रघूने विचारलं.

दिपिकाने हरेशकडे पाहिलं. या वेळी तिने 'का' विचारलं नाही.

दरवर्षी मुक्कामाला गरम पाणी देणारे शाळेशेजारचे लतीफभाई रिक्षा काढून त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितलं की शुगरने तळव्यातली जाणीव गेली आहे. पाय वाचवायचा असेल तर चालणं बंद.

परत आल्यावर हरेश त्याच्याजवळ येऊन बसला.

"काका, तुमी टेम्पोत बसा. पंचविसावी हाय तुमची. कोण काय बोलणार नाय."

"तुला बसवला होता?"

"माझी गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? तू रडलास, मी बघत उभा राहिलो. तेव्हा मला वाटलं, मी किती कडक." रघूने पट्टी बांधलेला पाय बाजूला सरकवला. आयुष्यभर ज्यांच्यावर विसंबला त्या पायांनी त्याला साधं सांगितलंसुद्धा नव्हतं, आणि त्याला त्यांचाच राग येत होता. "सकाळची गाडी कितीची हाय ते बघ," तो शेवटी म्हणाला.

पहाटे मंडळी निघाली. रघू व्हरांड्याच्या पायरीवर बसून एकेकाच्या बुटाच्या नाड्या बघत होता. नव्या बुटांचे सात जोड लतीफभाईंच्या घरी ठेवून ते सात जण साध्या चपलांत निघाले होते, हे बघून त्याला बरं वाटायच्या ऐवजी चिडच आली. परवा निघतानाच ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

"घाटात उतरताना पावलं छोटी टाका," तो ओरडला. "फेरीबोटीत बूट काढू नका."

कुणी वळून हात जोडले, कुणी नुसतीच मान हलवली. मोदक वळावा तशा निगुतीने मखमलीत गुंडाळलेली गणपतीची छोटी पालखी वळणावर दिसेनाशी झाली. मग लतीफभाईंनी त्याला स्टेशनवर सोडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिपिकाचा फोन आला. मागे समुद्राचा आवाज होता. मुरूडला पोचल्याचं तिने सांगितलं. पाण्यालगतची घट्ट वाळू खरंच बरी पडते म्हणाली. सगळ्यांचे तळवे बघून झाले, दोघांना दोरा ओवला, रक्त कुणाला नाही.

"हरेशचा बघितलास? तो लपवतो."

"बघितला. काका, तुमचा कोण बघतं?"

रघूने खाली पाहिलं. सगुणा चष्मा लावून जमिनीवर बसली होती. पट्टी सोडून तिने त्याचा पाय मांडीवर घेतला होता आणि जखमेच्या कडेने ती हळूहळू बोट फिरवत होती. तिचं बोट कुठे आहे ते त्याला बघितल्याशिवाय कळत नव्हतं. म्हणून तो बघत होता.

"दोघं बघतोय," तो म्हणाला.